चरित्र आहे की कादंबरी, एवढं तरी पुस्तकात सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही पुस्तकांना पान देता त्याबद्दल आधी मनापासून आभार, आणि हे पत्रही त्याच पानासाठी आहे. माझं सावंतवाडीत औषधाचं दुकान आहे, दुपारी दोन ते चार फारसं कुणी येत नाही, तेव्हा काउंटरवर बसून मी वाचते. गेल्या सहा-सात महिन्यांत एक गायकाचं चरित्र, मग एक कादंबरी, परत चरित्र असं वाचत गेले, आणि वाचता वाचता एक गोष्ट इतकी खटकायला लागली की लिहिल्याशिवाय राहवेना.

झालं असं की माझी मुलगी गाणं शिकते. गुरुपौर्णिमेला त्यांच्या क्लासमध्ये प्रत्येकीने एका गायकावर पाच मिनिटं बोलायचं होतं. तिने वाचनालयातनं एका मोठ्या गायकावरचं जाडजूड पुस्तक आणलं (पुस्तकाचं नाव लिहीत नाही, लेखकाने मेहनत घेतलेली दिसते), दोनदा वाचलं, आणि त्यात गुरुजी अंथरुणावर पडल्या पडल्या शिष्याला जे सांगतात ते वाक्य पाठ करून म्हटलं. टाळ्या पडल्या. नंतर एक वयस्कर पेटीवाले काका तिच्याजवळ आले आणि अगदी प्रेमाने विचारलं, "बाळा, हे ते कुणाला म्हणाले होते? कुठे छापून आलंय?" तिने पुस्तक दाखवलं. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "अगं ही कादंबरी आहे." घरी येऊन आम्ही दोघींनी बघितलं, तर कव्हरवर 'जीवनप्रवास', पाठीमागे परत 'जीवनप्रवास', आणि आत जिथे मुद्रक आणि किंमत असते तिथे बारीक अक्षरात 'चरित्रात्मक कादंबरी'. प्रस्तावना नाही, संदर्भ नाहीत, सूची नाही. पोरगी रात्री जेवली नाही नीट. मला म्हणाली, आई, मग ह्यातलं खरं काय काय आहे? मला सांगता येईना, आणि तेच मला फार लागलं.

आता कुणी म्हणेल की कादंबरीकाराला एवढं स्वातंत्र्य नको का. हवंच ना! मी कादंबऱ्या वाचूनच मोठी झाले. पण ह्याच महिन्यांत मी गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग' परत वाचलं, १९३९ सालचं पुस्तक, आणि त्यात मला जे मिळालं ते त्या जाडजूड पुस्तकात कुठेच मिळालं नाही. टेंबे स्वतः पेटी वाजवणारे, 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, भास्करबुवा बखले काय आणि अल्लादियाखाँसाहेब काय, ह्या माणसांच्या जवळ बसून त्यांनी ऐकलेलं. त्यामुळे ते जे सांगतात ते कानाने पकडलेलं असतं, एखादी जागा बुवांनी कशी घेतली ते सांगतील आणि पुढे जातील, मनात काय विचार आले असतील ते रंगवत बसत नाहीत. बी. आर. देवधरांचं 'थोर संगीतकार' पण तसंच, जे बघितलं, जे विचारलं ते लिहिलं. अल्लादियाखाँसाहेबांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, तरुणपणी माळव्यातल्या एका छोट्या संस्थानात इतकं गावं लागलं की आवाज गेला, आणि परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, मग त्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली जिला आपण आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो. एवढं कळलं की मी उठून फोनवर त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर लावते आणि लयीला धरून चाललेल्या त्या आवर्तनांकडे वेगळ्या कानाने ऐकते. चरित्राने एवढंच करावं असं मला वाटतं, परत गाण्याकडे पाठवावं.

केसरबाईंवरून आठवलं, मुलीने नमिता देवीदयाल यांचं 'द म्युझिक रूम' आणलं, २००७ चं इंग्रजी पुस्तक, मी हळूहळू वाचलं पण सोडलं नाही. धोंडूताई कुलकर्णी कोल्हापूरच्या, खाँसाहेबांच्या घराण्यात शिकलेल्या आणि पुढे केसरबाईंकडे शिकायला मिळालेल्या, त्यांच्याकडे मुंबईत केनेडी ब्रिजजवळ एक लहान मुलगी शिकायला जाते आणि तीच मोठी होऊन हे लिहिते. लेखिका गोष्टीसारखंच लिहिते, पण आपण कुणाच्या तोंडून ऐकतोय हे आपल्याला कळत राहतं, हे धोंडूताईंनी सांगितलं, हे मी बघितलं. केसरबाईंचा तुसडेपणा लपवलेला नाही आणि त्याने त्या लहानही होत नाहीत. वाचून झाल्यावर मी 'जात कहाँ हो' लावलं, भैरवी, साडेतीन मिनिटांची, हीच अंतराळात पाठवलेल्या व्हॉयेजर यानातल्या, पृथ्वीवरचे आवाज आणि गाणी साठवलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवस फक्त. ह्यात कुणी एक वाक्य बनवून घालायची गरज आहे का, तुम्हीच सांगा.

आणि बालगंधर्वांचं बघा. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरी ते नाटकातली नायिका भामिनी म्हणून उभे राहिले, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. माझी आजी हे सांगताना हातातलं काम थांबवायची, एवढंच, बाकी काही बोलायची नाही. ह्या प्रसंगावर विंगेतले लांबलचक संवाद मला नको असतात. झालेल्या गोष्टीत कुणी आपल्या पदरचं रडू घातलं की मला त्या मुलीचं दुःखही खोटं वाटायला लागतं, जी खरोखर होती आणि खरोखर गेली.

उलट 'कोसला' बघा. पांडुरंग सांगवीकर कधी जन्मलाच नाही, त्याची धाकटी बहीण पण नाही, तरी १९६३ सालच्या त्या कादंबरीत ती बहीण जाते ती पानं मी ह्या वेळेला चौथ्यांदा वाचली आणि पुस्तक उपडं घालून बसले, एक गिऱ्हाईक येऊन दोनदा हाक मारून गेलं. कारण नेमाड्यांनी मला सुरुवातीपासून सांगितलंय की हा पांडुरंग बोलतोय. तिथे मी विश्वास ठेवायला मोकळी आहे. कादंबरीवर विश्वास ठेवणं वेगळं आणि चरित्रावर ठेवणं वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याच्या नावावर खपवलं की दोन्हीकडचा उडतो.

कृष्णात खोतांची 'रिंगाण' पण ह्याच महिन्यांत झाली, २०२३ चा साहित्य अकादमी मिळालेली. धरणात गाव गेलेली माणसं, आणि मागे राहून गेलेली म्हैस आणायला परत निघालेला माणूस. भाषा पन्हाळ्याकडची, पहिली वीस पानं मला जड गेली, मग अशी काही आत शिरली की रात्री स्वप्नात पाणी. आणि मला सारखं कुर्डी आठवत होतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, गोव्यात, साळावली धरणात गेलेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि गावची माणसं तिथे जमतात. आम्ही एकदा गेलो होतो. भेगाळलेला चिखल, झाडांचे काळे खुंट, घरांचे चौथरे, आणि एक बाई एका चौथऱ्यावर उभी राहून आपल्या नातवाला दाखवत होती, इथे चूल होती, इथे न्हाणी. जिथे भिंतच नाही तिथे ती दारातनं आत गेल्यासारखी वाकून गेली. मोगूबाईंच्या आडनावात जे गाव आहे ते असं वर्षातले थोडेच दिवस दिसतं. खोतांनी त्यांच्या कादंबरीत खऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही तरी मला त्या बाईचं वाकणं तिथे सापडलं. पण उद्या कुणी मोगूबाईंवर लिहायला घेतलं तर मला त्यांनी रियाज किती वाजता केला, कुणी शिकवायला नाही म्हटलं, पैसे कुठून आले, हे खरं खरं हवं, आणि जिथे माहिती मिळाली नाही तिथे मिळाली नाही असं लिहिलेलं चालेल.

तर माझं मागणं अगदी साधं आहे. प्रकाशकांनी चरित्रात्मक कादंबरी असेल तर तो शब्द कव्हरवर मोठ्या अक्षरात घालावा, आणि शेवटी दोन पानं द्यावीत, कुठले प्रसंग कागदपत्रांतनं किंवा मुलाखतीतनं घेतले आणि कुठले संवाद लेखकाने रचले. चरित्र असेल तर सूची हवीच, नाहीतर चारशे पानांत भास्करबुवांचा उल्लेख शोधायला परत चारशे पानं चाळावी लागतात. आणि तुमच्या पानावर जे परीक्षण लिहितात त्यांना सांगा की 'ओघवती शैली' आणि 'हृद्य चित्रण' लिहायच्या आधी हे एकदा तपासा आणि वाचकाला कळवा, माझ्यासारख्या लहान गावातल्या वाचकाला दुकानात जाऊन पुस्तक चाळून बघता येत नाही, तुमचं परीक्षण वाचूनच पैसे पाठवायचे असतात.

अजून एक. मुलीने पुढच्या वर्षीसाठी मोगूबाई घेतल्यात. तुमच्या जुन्या अंकांत त्यांच्या मैफलींचे वृत्तांत छापून आलेले असतील तर त्यातले एक-दोन पुरवणीत परत छापता आले तर बघा, तारखेसकट.

आपली,
एक वाचक, सावंतवाडी