पाच डॉलरचं तिकीट अन् आमचा पेंडॉल

मा. संपादक साहेब,

तुमच्या पुरवणीत परदेशी गाण्याबद्दल येतं ते सगळं मोठमोठ्या स्टारचंच येतं, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. माझ्या भाच्यानं कापूस वेचताना मोबाईलवर फुगाझी नावाचा बँड लावला, पहिले वाटलं नुसता आरडाओरडा, पण मग त्याची माहिती वाचली अन् चाटच पडलो ना भाऊ. वॉशिंग्टनचे हे चौघं, १९८७ ला सुरू झाले, मोठ्या कंपनीकडे गेलेच नाहीत, रेकॉर्ड आपल्याच घरच्या डिस्कॉर्ड लेबलवर काढल्या, तिकीट बहुतेक पाचच डॉलर, टीशर्ट विकणं नाही. १९९१ ला आखाती युद्धाच्या विरोधात थेट व्हाइट हाउससमोर वाजवलं. अन् सगळ्यात भारी म्हणजे समोर कोणी पोट्टे धक्काबुक्की करायला लागले की गाणं थांबवून त्यांना तिकिटाचे पैसे पाकिटात घालून परत द्यायचे, जा बाबा घरी!

इकडं आमच्या गावच्या पेंडॉलमध्ये मागच्या वर्षी डीजेवाल्यानं जेवढे पैसे घेतले तेवढ्यात शाळेच्या दोन खोल्यांवर टिनं पडले असते, आणि आवाजानं आमची गाय दोन दिवस चारा खाईना. तुकडोजी महाराजांची नुसती खंजिरी होती, तरी इंग्रजांनी त्यांना ४२ साली तुरुंगात टाकलंच ना.

२००२ नंतर फुगाझीनं वाजवणं थांबवलं, पण जुने कार्यक्रम त्यांनी २०११ पासून ऑनलाइन टाकले आहेत. भाचा तेच ऐकत बसते, कापूस राहते झाडावर.

आपला,
एक वाचक, यवतमाळ जिल्हा