एका खांद्यावरची पिशवी

भांडुप, मुंबई
रविवार, रात्री साडेदहा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही चिपळूणला परत गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले. त्या शनिवारी मी चिऊला घेऊन राणीच्या बागेत निघालो, तेव्हा आई, माझ्या खांद्यावरची कापडी पिशवी बघून तू दारातच विचारलंस, "एवढंच? लेकराला घेऊन चाललायस की कोथिंबीर आणायला?" मी "पुरतं गं" म्हणत जिना उतरलो. रात्री जेवताना तू गप्प होतीस. निघायच्या दिवशी पुन्हा विचारलंस, आजीच्या लुगड्याचं दुपटं कुठे दिसत नाही ते. मी म्हटलं, माळ्यावर ठेवलंय.

ते खोटं होतं. दुपटं हरवलं आहे, आई. चिऊ अकरा महिन्यांची असताना हरवलं. फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

त्या दिवशीही आम्ही राणीच्या बागेतच निघालो होतो. आम्ही दोघंच होतो, कारण तिच्या आईला शनिवारी ऑफिस असतं. मी पहिल्यांदाच तिला एकट्याने एवढं लांब नेत होतो आणि काही कमी पडू नये म्हणून दिसेल ते बॅगेत भरत गेलो. सहा लंगोट, कपड्यांचे तीन जोड, दोन टोपडी, खिचडीचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, लिटरची पाण्याची बाटली, खुळखुळे, चित्रांची दोन पुस्तकं, औषधं, चादर, माझा डबा, आणि सगळ्यात वर दुपटं. बॅगही बारा कप्प्यांची घेतली होती. असल्या बॅगा मला आता अजिबात आवडत नाहीत. रिकामी असतानाच जड असते, आणि कप्पा दिसला की माणूस तो भरतोच. तिचं वजन पाच किलोच्या खाली नक्की नसेल. चिऊ तेव्हा साडेआठ किलोची होती. म्हणजे डाव्या खांद्यावर पाच आणि उजव्या कडेवर साडेआठ. दांडी धरायला हात कुठून आणणार?

शनिवारी सकाळी गर्दी नसेल हा माझा अंदाज चुकला. दादरला डबा भरला. भायखळा आलं तेव्हा मी दारापाशी पोचलो होतो, पण बॅगेचा पट्टा मागे दोन माणसांच्या मध्ये अडकला. बाबा, तुम्हाला माहीत आहे गाडी किती वेळ थांबते ते. मी ओढतोय, मागून माणसं ढकलतायत, चिऊ रडतेय. प्लॅटफॉर्मवरच्या एका वयस्कर गृहस्थांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "बाळ द्या इकडे." मी दिलं. आणि मग चिऊ खाली एका अनोळखी माणसाच्या हातात, आणि मी गाडीत, पट्ट्यात हात अडकलेला. तो क्षण किती लांब होता ते मला सांगता येत नाही. मी पट्ट्यातून हात सोडवला आणि उतरलो. गाडी सुटली आणि बॅग गाडीबरोबर सीएसएमटीला गेली.

स्टेशनमास्तरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, १३९ वर फोन केला, सोमवारी स्वतः सीएसएमटीला जाऊन विचारून आलो. बॅग मिळाली नाही. चूक माझीच होती.

पण त्या दिवसाचं पुढचं तुम्हाला सांगायचंय. पाकीट आणि मोबाइल माझ्या खिशात होते. स्टेशनबाहेर औषधाच्या दुकानातून लंगोटांचं लहान पाकीट घेतलं, कोपऱ्यावर दोन केळी घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि आम्ही बागेत गेलो. माझ्या रुमालावर बसून चिऊने केळं खाल्लं. तीन वाजेपर्यंत आम्ही घरी परतलो होतो. बॅगेतल्या एवढ्या सगळ्या वस्तूंपैकी दिवसभरात लागले दोन लंगोट, थोडं पाणी आणि काहीतरी खायला. उणीव भासली ती फक्त दुपट्याची. झोप आली की त्याचा काठ बोटांत धरायची सवय होती तिला. परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर झोपताना ती माझ्या कॉलरवर बोटं फिरवत तो काठ शोधत होती. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून ही छोटी पिशवी आहे. आई, तुला वाटतं तसं मी निष्काळजीपणाने निघत नाही. उलट रोज रात्री पिशवी उलटी करून रिकामी करतो, चुरा झटकतो आणि नव्याने भरून दाराजवळच्या खुंटीला लावतो. बाहेर जितके तास राहायचं त्याला तीनने भागायचं आणि वर एक, तितके लंगोट. एक कपड्यांचा जोड, घट्ट गुंडाळलेला. एक ओला आणि एक कोरडा पंचा, आणि ओलं ठेवायला एक प्लॅस्टिकची पिशवी. पाणी सगळ्यात जड, लिटरभर म्हणजे किलोभर, म्हणून छोटी बाटली घेतो आणि वाटेत भरून घेतो. खायला केळं, कारण त्याला डबा लागत नाही, आणि राजगिऱ्याचा लाडू. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे नेत नाही, एवढ्या मुलांच्या घशात अडकतात. मीठ-साखरेची, म्हणजे ओआरएसची, पुडी एकच ठेवतो, २०० मिलीची. मोठी पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवावी लागते, अंदाजाने अर्धी करून चालत नाही. पावसाळ्यात कपड्यांचा आणखी एक जोड वाढतो आणि छत्री घरी राहते, कारण छत्रीला हात लागतो. दोघांनाही रेनकोट.

आणि जे खरंच हरवून चालणार नाही ते पिशवीत नसतंच. पैसे, मोबाइल, किल्ली माझ्या खिशात. चिऊच्या फ्रॉकच्या आतल्या बाजूला तिचं नाव आणि आमचे दोघांचे नंबर न धुतल्या जाणाऱ्या शाईने लिहिलेत. हे तुझ्याकडूनच घेतलंय, आई. लालबागला गणपती बघायला जाताना तू माझ्या शर्टाच्या आत चिठ्ठी टाचायचीस आणि ती टोचते म्हणून मी रडायचो. शाई टोचत नाही, एवढाच फरक.

तू जास्त भरायचीस, असं मला म्हणायचं नाही. गणपतीला आपण लाल डब्याने गावी जायचो तेव्हा रात्रभराच्या प्रवासात काय मिळणार होतं? आणि मिळालं तरी चौघांचं बाहेरचं खाणं बाबांच्या पगारात बसत नव्हतं. तुझ्या पिशवीतून भाकरी निघायची, लसणीची चटणी निघायची, कशेडी घाट लागला की आवळासुपारी निघायची, आणि ती मागच्या सीटवरच्या पोरांनाही मिळायची. तेव्हा सगळं बरोबर नेणं हीच काळजी होती. माझ्या वाटेवर मात्र दर स्टेशनबाहेर औषधाचं दुकान आहे, केळीवाला आहे. मला कमी पडतो तो हात.

बाबा, तुम्ही तर त्या वेळी प्रत्येक थांब्यावर मोजायचात, "आठ नग, चार माणसं." आधी नग, मग माणसं. मला अजून तो आवाज ऐकू येतो. त्या आठ नगांच्या राखणीत तुम्ही रात्रभर डोळा मिटत नव्हतात, हे मला स्वतः बाप झाल्यावर कळलं. आणि माझं दप्तर मात्र तुम्ही रोज करंगळीने उचलून बघायचात, जड वाटलं की त्या दिवशीच्या नसलेल्या वह्या बाहेर काढायला लावायचात. आता दप्तराच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही तेच आहे, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको, आणि बालवाडीला तर दप्तरच नको. चिऊ पुढच्या वर्षी बालवाडीत जाईल. तिची पिशवी तुम्हीच करंगळीने उचलून बघा.

दिवाळीत तुम्ही येणार आहात म्हणून एक मागणं आहे. मागच्या वेळी ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमधून उतरलात तेव्हा पाच नग होते. नारळ होते, तांदळाची पिशवी होती, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या होत्या, आणि बाबांनी दुखऱ्या गुडघ्याने त्यातल्या दोन पिशव्या पुलावरून नेल्या. मी पोचेपर्यंतही थांबला नाहीत. या वेळी दोघांत मिळून एकच बॅग आणा, तीही मी येईपर्यंत खालीच ठेवा. नारळ इथे मिळतात. आगळाची एक बाटली चालेल, तुमच्या सुनेला घरचंच आवडतं. बाबांच्या प्रेशरच्या गोळ्या मात्र बॅगेत नकोत, खिशात हव्यात. सोबत कुठली गोळी कधी घ्यायची ते लिहिलेला कागद आणि माझा नंबर. पुलावर कठड्याच्या बाजूने चाला आणि एक हात कठड्यावर ठेवा. त्यासाठी तो रिकामा हवा.

आणि आई, आजीचं लुगडं नऊवारी होतं. दुपट्याला त्यातलं किती लागलं असेल? उरलेलं तू ट्रंकेत तळाशी ठेवलं होतंस, ते अजून असेल तर चिऊसाठी एक लहानसं शिवशील का? पहिल्याएवढं मोठं नको, पंच्याच्या निम्मं पुरे, घडी करून पिशवीत बसेल असं. काठ मात्र एका बाजूला तसाच ठेव. ती अजूनही झोपताना बोटांनी काहीतरी शोधते.

तुमचा,
बाळ