वाटेत आण्णा काय बोलले होते?

इचलकरंजी,
२६ ऑक्टोबर

प्रिय सद्या,

दोन वर्षं तुला पत्र नाही. सकाळी तू मोबाइलवर गणपती पाठवतोस, मी हात जोडतो, एवढंच चाललंय आपलं. आण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसरा संक्रांतीनंतर. माझी शुगर ताब्यात. बाकी सगळे बरे. आता लिहायचं ते लिहितो.

भाऊबीजेच्या रात्री ओंकारनं टीव्हीला लॅपटॉप जोडून एक जुना सिनेमा लावला. ‘बायसिकल थीव्ज्’, १९४८चा, इटलीचा, डी सिकाचा. काळा-पांढरा. महायुद्ध संपलेलं, रोममध्ये कुणाला काम नाही. एका बापाला भिंतीवर पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळते, पण अट एकच, सायकल पाहिजे. ती गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी हा शिडीवर चढून पोस्टर लावत असताना सायकल चोरीला जाते. मग बाप आणि त्याचं लहान पोर, ब्रुनो, अख्ख्या रोमभर ती शोधत हिंडतात. गोष्ट एवढीच.

आण्णा कॉटवर बसून बघत होते. खालची इंग्रजी अक्षरं त्यांना येत नाहीत म्हणून ओंकार मराठीत सांगत होता. ते चादरी गहाण टाकायला जातात तिथं एक माणूस गाठोडं घेऊन फडताळावर चढत जातो, वर, आणखी वर, आणि छतापर्यंत नुसती गाठोडीच. आण्णा म्हणाले, “किती घरांच्या चादरी म्हणायच्या ह्या!” सद्या, ज्या माणसानं जन्मभर कापड विणलं त्यालाच हे दिसणार. मला तर फक्त उंची दिसली होती. पुढं थोड्या वेळानं ओंकारला म्हणाले, “सांगू नगंस. कळतंय मला.”

ओंकारनं नंतर सांगितलं की बापाचं काम करणारा नट नव्हताच, खरा कारखान्यातला कामगार होता, आणि सिनेमा झाल्यावर कारखान्यानं त्याला कमी केलं. पोरगंही शूटिंग बघायला जमलेल्या गर्दीतून उचललेलं. तुला हे सगळं आधीच माहीत असेल. १९५२ला मुंबईच्या महोत्सवात हा सिनेमा बिमल रॉयनी बघितला म्हणून पुढं ‘दो बिघा जमीन’ झाला, हे तूच मला बसस्टँडवर तासभर ऐकवलं होतंस. त्यातला बलराज साहनी मोठा की दिलीपकुमार, यावरून आपण दोघं शेवटची गाडी चुकवून चालत आलो होतो. तू अजून बलराजवर ठाम असशील. राहा. परवापासून मीही तुझ्या बाजूला आलोय.

आता शेवट सांगतो. स्टेडियमबाहेर शेकडो सायकली लावलेल्या असतात आणि याची एक सापडत नाही. हा पोराच्या हातात ट्रामचे पैसे देतो, पुढं जा म्हणतो, आणि एका भिंतीजवळची सायकल उचलून पळतो. लगेच पकडला जातो. लोक घेरतात, मारतात, डोक्यावरची हॅट खाली पडते. पोराची ट्राम चुकलेली असते, ते सगळं बघतं. ते गर्दीत घुसून बापाचा कोट धरतं, रडतं, हॅट उचलून झटकतं. सायकलवाला त्या पोराकडं बघतो आणि बापाला सोडून देतो. मग दोघं चालायला लागतात. बाप रडतोय, आणि पोर त्याचा हात धरतं.

माझे पाय गार पडले होते. तुला कारण लिहायला नको. १९८६, गणपतीच्या आधीचा शनिवार, आण्णांच्या मागाच्या खात्याचं दार, तू आणि मी डबा घेऊन. तीन मीटर कोरं कापड, माझ्या शाळेच्या सदऱ्यासाठी, आण्णांनी बंडीखाली गुंडाळलेलं. वॉचमननं ते ओढून काढलं आणि दिवाणजींनी हात उचलला. तुझ्या हातात डबा होता. मी पळालो.

ब्रुनो पळाला नाही, सद्या. मी पळालो. एकदाच वळून बघितलं, तेव्हा तू खाली बसून डब्याची झाकणं गोळा करत होतास. तसाच मी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसलो, अंधार पडेपर्यंत. घरी आलो तर आण्णा जेवत होते. “कुठं हुतास?” एवढंच विचारलं. मी “खेळत” म्हणालो. त्यांनी ताटातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

आणखी एक सांगतो. त्यानंतर दोन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. आठ आणे तासाच्या सायकलचं पेडल तू मोडलंस आणि दंड मला भरावा लागला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तूही तेच खरं मानलंस आणि आईकडून पैसे आणून माझ्या दप्तरात टाकलेस. पेडलचं काही नव्हतं रे. तू आण्णांबरोबर घरापर्यंत चालत आला होतास, हे मला सहन होत नव्हतं. ते काम माझं होतं. एकोणचाळीस वर्षांनी माफी मागतोय.

पुढचं तू बघितलंस. आठवडाभर आण्णा पहाटे पाचला उठून एकेका खात्याच्या दारात उभे राहायचे. कापडाची गोष्ट त्यांच्या आधी पोचलेली असायची. मग सायझिंगमध्ये, सुताला खळ लावतात तिथं, सुताचे जड बीम ढकलायचं काम धरलं, चौदा महिने. खांदा तेव्हा गेला तो आजही वर होत नाही. त्यानंतर परत माग, चार माग, बारा तासांची पाळी. केसांत कापसाचं तूस घेऊन घरी यायचे आणि तसेच माझी वही बघायला बसायचे. स्वतः चौथी शिकलेले, पण अक्षर सरळ आहे का ते बघायचे. माझ्या डिप्लोमाच्या फीची तारीख त्यांनी एकदाही चुकवली नाही. मला वाटायचं, मी बघितलं हे त्यांना माहीत नाही, आणि ते तसंच राहावं म्हणून मी घरात तो विषय कधी काढला नाही.

पण परवा सिनेमा संपला, ओंकार उठला, आणि आण्णा पडद्याकडं बघत हळूच म्हणाले, “पोरगं गेलं न्हाई बघ.”

ब्रुनोबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल? आवाजात राग नव्हता. कौतुक होतं, की दुसरं काही, मला ठरवता येत नाही. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर कॉटवर बसलेले. “झोप येत न्हाई?” विचारलं, तर “डोळा चुरचुरतोय” म्हणाले. त्यांच्याशेजारी थोडा वेळ बसलो. हात धरावा असं फार वाटलं. धरला नाही.

म्हणून तुला विचारतोय. त्या दिवशी दारापासून घरापर्यंत तुम्ही दोघंच होतात. त्यांनी मला पळताना बघितलं होतं का? वाटेत काय बोलले? माझं नाव निघालं? तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. जे असेल ते लिही, मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.

चिन्मयीचं ठरलं हे ऐकून फार आनंद झाला, तारीख पक्की झाली की लगेच कळव, आम्ही चार दिवस आधी येतो. सुरतेत अजून उकाडा असेल. वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय झालं?

फोन करू नकोस. फोन वाजला की आण्णा शेजारी येऊन बसतात. पत्रच टाक.

तुझा,
दिन्या