सोफा कारागिराला कोणत्या यादीत शोधायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकाची पाने ‘जुना सोफा द्या, नवा घेऊन जा’ अशा जाहिरातींनी भरून जातात. जाहिरातींशिवाय वृत्तपत्र चालत नाही हे मान्य आहे. पण जुना सोफा दुरुस्त करून वापरण्याची दुसरी बाजू आणि ते काम करूनही सरकारी योजनेच्या यादीत नसलेला सोफा कारागीर यांनाही त्याच पानांवर थोडी जागा मिळावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. अदलाबदलीच्या या व्यवहारात जुन्या सोफ्याचे मोल ठरते ते त्याच्या विटलेल्या कापडावरून आणि दबलेल्या गादीवरून. कापडाच्या आत सागवानाचा सांगाडा आहे की खोक्याच्या फळ्या ठोकलेल्या आहेत, हे विकणारा पाहत नाही आणि घेणारा सांगत नाही. कापड आणि फोम हे झिजण्यासाठीच असतात, ते कधी ना कधी बदलावेच लागतात; टिकाऊ माल म्हणजे सांगाडा, आणि नेमका तोच आपण कवडीमोलाने देऊन मोकळे होतो.

आमच्या घरचा तीन माणसांचा सोफा कारागिराने अंगणातच उलटा केला, तेव्हा त्याचे पोट पहिल्यांदा पाहायला मिळाले. तळाचे काळे कापड उचकटताच पिवळसर पूड भुरभुरली. उष्णता आणि हवेने फोमचाच भुगा झाला होता. बसणाऱ्याला इतके दिवस नुसते ‘खड्ड्यात बसल्यासारखे’ वाटत होते, त्याचे कारण वेगळेच निघाले : नागमोडी स्प्रिंगांपैकी कडेच्या स्प्रिंगा क्लिपांतून निसटून लोंबत होत्या आणि सगळा भार मधल्या स्प्रिंगांवर येत होता. सांगाडा मात्र अस्सल सागवानी होता. त्याची परीक्षा कारागिराने माझ्यासमोर केली, ती कोणीही करून पाहावी अशी आहे. सोफा सरळ ठेवून एका टोकाचा पुढचा पाय वीतभर उचलायचा. दुसऱ्या टोकाचा पुढचा पायही लगेच जमीन सोडू लागला तर सांधे घट्ट आहेत, आणि तो जमिनीला चिकटूनच राहिला तर सांगाडा पिळवटतो आहे असे समजावे.

सोलापूरच्या हवेत सांधे सुटणे हे मुळीच नवल नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि लाकूड आपल्यातला ओलावा सोडून आकसते. पावसाळ्यात तेच पुन्हा फुगते. वर्षानुवर्षे असे आकसत-फुगत राहिल्याने खाचेत बसवलेला कुसू, म्हणजे लाकडाचे कोरलेले टोक, सैल होतो आणि खुर्ची करकरू लागते. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी जो उपाय होतो, म्हणजे बाहेरून एक लांब खिळा ठोकणे किंवा कोपऱ्यावर लोखंडी पट्टी मारणे, त्याने चार महिने काम भागते आणि पुढे लाकूड चिरते. योग्य रीत अशी की, सांधा पूर्ण उघडायचा, जुना चिकट थर खरवडून काढायचा, मग नवा गोंद लावून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवायचा. जुन्या थरावर नवा गोंद ओतला तर तो लाकडाला धरत नाही. पूर्वीच्या सुतारांनी वापरलेला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, गरम पाण्याने आणि वाफेने मऊ पडतो, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या काळातली खुर्ची न तोडता सुटी करता येते. फार पुढचा विचार करून ठेवला होता त्या लोकांनी. लाखेच्या पॉलिशचेही तसेच आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, त्यामुळे ओरखडा पडला तेवढाच भाग सावरता येतो, सगळे खरवडावे लागत नाही. याच सागवानावर ऑइल पेंटचे थर चढवणाऱ्यांची आणि पुढे ते काढण्यासाठी कॉस्टिक सोडा लावून लाकूड काळे करून टाकणाऱ्यांची मला कीव येते.

आता फोमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. दुकानात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे शब्द कानावर पडतात आणि ग्राहक मान डोलावतो. या आकड्याचा अर्थ इतकाच की, त्या फोमचा एक घनमीटरचा ठोकळा तितके किलो भरतो. हे एकदा कळले की घरच्या वजनकाट्यावर तपासणी करता येते. २२ इंच लांब, २२ इंच रुंद आणि ४ इंच जाड अशी बैठकीची गादी खरोखर ३२ घनतेची असेल, तर नुसता फोम जवळपास एक किलो भरला पाहिजे. ४० घनतेचा असेल तर सव्वा किलोच्या वर. तोच तुकडा अर्ध्या किलोच्या आसपास भरला तर तो १८ घनतेच्या जवळचा आहे. असा हलका फोम पाठीला चालतो, पण बैठकीला घातला तर लवकरच पुन्हा खड्डा पडतो. खडूसारखी पूड मिसळून वजन वाढवलेला फोमही बाजारात असतो, म्हणून वजन पटले तरी तुकडा हातात चुरगाळून पाहावा. तो चटकन मूळ आकारात यायला हवा. घनता आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. जड फोम मऊ असू शकतो आणि हलका फोम कडक. दुकानात बोट रुतवून घेतलेल्या निर्णयाला म्हणूनच काही अर्थ नसतो.

कापडाच्या बाबतीत आपल्या शहराला खरे तर कोणाकडे हात पसरायला नको. सोफ्याचे कापड साधारणपणे ५४ इंच पन्ह्याचे येते आणि तीन माणसांच्या साध्या सोफ्याला सहा-सात मीटर लागते; मोठी नक्षी असेल तर ती जुळवण्यासाठी आणखी, आणि मखमलीसारखे लव असलेले कापड असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एकाच सोफ्यावर दोन रंग दिसतात. मला नवी पेठेतल्या दुकानांत दाखवली गेलेली कापडे बहुतेक पॉलिएस्टरची आणि बाहेरगावाहून आलेली होती. रेक्झिनचा आग्रहही बराच झाला. पुसायला सोपे, हे खरे. पण सोलापुरातल्या मे महिन्यात दुपारी रेक्झिनवर बसून पाहावे, म्हणजे आणखी काही सांगावे लागणार नाही. शिवाय उन्हाने त्याचा वरचा थर कडक होऊन तडकतो. ज्या गावातल्या जॅकार्ड मागांवर भौगोलिक मानांकन मिळालेली चादर विणली जाते, त्या गावाने सोफ्यासाठी कापड परगावाहून आणावे, याला काय म्हणावे? चादरीचे कापड जसेच्या तसे चालणार नाही, कारण सोफ्यावरचा ताण आणि घर्षण सोसायला वीण अधिक घट्ट लागते. परंतु माग आहेत, नक्षीचे जाणकार आहेत, रंगारी आहेत. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखानदाराने मनावर घेतले, तर हे कापड इथेच विणले जाऊ शकते.

सगळेच जुने सामान वाचवण्यासारखे असते, असे माझे म्हणणे नाही. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाला एकदा पाणी लागून तो फुगला की स्क्रू धरत नाही; त्यावर पैसे घालू नयेत. वाळवीने आतून पोकळ केलेल्या पायांचेही तेच.

सरकारी कार्यालयांतल्या वेताच्या खुर्च्यांची गोष्ट मात्र मनाला लागते. शहरातल्या एका कार्यालयाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली सागवानी खुर्च्यांचा ढीग पावसात भिजताना मी पाहिला. निर्लेखन झाले होते म्हणे, म्हणजे निकामी ठरवून त्या नोंदीतून काढून टाकल्या होत्या. बहुतेक खुर्च्यांचे दुखणे एवढेच होते की, बैठकीचा वेत फाटला होता, आणि तोही बहुधा कोणीतरी पंखा पुसायला वर उभे राहिल्यामुळे. चौकटीच्या भोकांतून वेताच्या सालीच्या पट्ट्या आधी उभ्या, मग आडव्या आणि शेवटी तिरक्या ओवून ही बैठक विणतात. पट्टी विणण्याआधी पाण्यात भिजवतात, म्हणजे ती वाकते, आणि वाळल्यावर आकसून आपोआप ताणली जाते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अशी बैठक ठिसूळ होते; तिला अधूनमधून खालच्या बाजूने ओले फडके लावावे, वरच्या बाजूला चकाकी असल्याने तिथे पाणी मुरत नाही. हाताच्या स्पर्शावर चालणारे हे काम आपल्या देशात अंध व्यक्तींना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. त्या खुर्च्या विणायला द्यायच्या सोडून त्यांच्या जागी आलेल्या चाकाच्या खुर्च्यांचे फोम आता फाटून बाहेर आले आहेत.

आता मूळ मुद्दा. हे सर्व काम करणारा माणूस सरकारच्या दृष्टीने कोण आहे? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहे, शिंपी आहे, टोपल्या, चटया आणि झाडू करणारे व काथ्या विणणारे आहेत. नोंदणी झालेल्या कारागिराला प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. सोफा कारागीर या यादीत नाही. तो सांधे उघडतो म्हणून सुतार म्हणावे, तर त्याचे अर्धे काम शिलाई यंत्रावर चालते. शिंपी म्हणावे, तर तो कपडे शिवत नाही. नवार म्हणजे बैठकीखालच्या रुंद पट्ट्या ताणणे, स्प्रिंगा बांधणे, काथ्या आणि फोम यांचे थर रचणे, कापड कुठेही सुरकुती न पडता ओढून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारणे, हे त्याचे स्वतःचे कसब आहे. तोंडात चुका धरून एका हाताने कापड ताणत दुसऱ्या हाताने हातोडी चालवणारे जुने कारागीर अजून मंगळवार पेठेच्या बाजूला दिसतात. नव्या पोरांना हवेच्या दाबावर चालणारी पिनांची गन हवी असते, आणि कॉम्प्रेसरसह ती घ्यायची तर उधारी करावी लागते. १५,००० रुपयांचे मोल त्यांना विचारावे.

यादीत भर घालणे केंद्राच्या हाती आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या खासदारांनी हा विषय लावून धरावा, अशी विनंती आहे. पण काही गोष्टी इथेच होण्यासारख्या आहेत. या योजनेच्या अर्जांची पहिली तपासणी शहरात महापालिकेकडेच असते. जो सोफा कारागीर खरोखर सुतारकामही करतो, त्याला सुतार म्हणून अर्ज करता येईल का, कोणते पुरावे लागतील, हे महापालिकेने विभागीय कार्यालयांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत फलक लावून स्पष्ट सांगावे. अनेक जण केवळ ‘आपले नाव यादीत नाही’ एवढे ऐकून परत जातात. तसेच महापालिकेच्या शाळांतील बाक आणि कार्यालयांतील लाकडी खुर्च्या निर्लेखनासाठी काढताना समितीच्या कागदावर ‘दुरुस्तीचा अंदाजित खर्च’ असा रकाना ठेवावा व तो आकडा प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिराकडून घ्यावा. नव्या खुर्चीचे दरपत्रक जसे तीन ठिकाणांहून मागवले जाते, तसे हेही मागवता येईल.

कळावे,
आपला एक वाचक,
जुळे सोलापूर