धडगावला निघण्याआधी

चि. माईस अनेक आशीर्वाद.

धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेची तुझी ऑर्डर आल्यापासून तुझ्या आईने कळण्याचं पीठ अन् कुरडया बांधायला घेतल्या आहेत. माझं चित्त दुसरीकडेच आहे. समोर बसलो की "आप्पा, मी लहान आहे का" म्हणून तू उठून जातेस, म्हणून हे लिहितो.

मागच्या आषाढात आपल्या सालदाराला घोणस चावली, ते तुला अर्धंच सांगितलं होतं. रात्रपाळीची लाईट, गडी मोटार चालू करायला केळीत गेला. पायाशी कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला म्हणे. मी खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या पोटरीला करकचून आवळला, मग १०८ लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, कुठे आहात? मी म्हणालो, मळ्यात. कोणत्या? म्हटलं, आपल्याच! आता तो फोन लागतो पुण्याला. तिला आपला मळा काय ठाऊक? शेवटी तुझ्या काकांनी फोन हातातून ओढून घेतला. जिल्हा जळगाव, तालुका चोपडा, गाव अमुक, फाट्यापासून दीड किलोमीटर, डीपीच्या अलीकडे डाव्या हाताला. वर शेजारच्या पोराला बॅटरी देऊन फाट्यावर उभं केलं. गाडी त्या उजेडावर आली.

म्हणून शाळेत गेल्या गेल्या पहिलं काम कर. शाळेचा पत्ता असाच, परक्या माणसाला कळेल असा, कागदावर लिही आणि फोनजवळ चिकटव. पाडा कोणता, रस्ता कुठपर्यंत गाडीचा आहे, पुढे किती चालायचं. तिकडे डोंगरात रेंज जाते-येते, तेव्हा कोणत्या टेकाडावर फोन लागतो तेही विचारून ठेव. काही पाड्यांवरून अजून माणूस बांबूच्या झोळीतूनच रस्त्यापर्यंत आणतात. तसा पाडा असेल तर गाडी कुठल्या वळणावर भेटेल ते फोनवरच ठरवायचं, आणि झोळी लगेच निघाली पाहिजे. नर्मदाकाठच्या गावांसाठी बोट अँब्युलन्स आहे. १०८ राज्यात २०१४ पासून आहे, पैसे पडत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो. बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२, ती घरीही आणून सोडते. आशाताईचा नंबर पाठच कर, तिला सगळ्यात आधी कळतं.

रुमालाचं राहिलंच. गाडीतल्या डॉक्टरांनी तो बघितला, पण सोडला नाही. दवाखान्यात सलाईन लागल्यावर हळूहळू ढिला केला आणि मला चांगलंच झापलं. आवळल्याने विष एका जागी कोंडतं, पायच सडायची वेळ येते. तेव्हा बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं तर नाहीच. पाय फळीला सैलसा बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही. भगताकडे नेतो म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी भांडत बसू नकोस, भगतालाच गाडीत बसव आणि दवाखाना गाठ.

तिथे एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. डॉक्टरांनी त्याचं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं, म्हणाले, वीस मिनिटं कोणी हात लावू नका. मी घड्याळ बघत उभा. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. लगेच सापाच्या लसीच्या दहा बाटल्या लावल्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. आठव्या दिवशी गडी घरी आला. आता रात्री गमबूट घातल्याशिवाय केळीत पाय टाकत नाही.

तुझ्याकडे भीती मण्यारची जास्त. पोरं वसतिगृहात खाली झोपतात, मण्यार झोपेतच चावते, डाग धड दिसत नाही. पहाटे एखादं पोर उठून पोट दुखतं म्हणालं, पापण्या जड झाल्या, बोलणं जड झालं, तर अजीर्ण समजून ओवा देत बसू नकोस. तशीच निघ. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचायला लाव. कुणाला फीट आली तर नाकाला कांदा-चप्पल लावू देऊ नकोस, कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस.

पिठाच्या डब्याखाली बॅटरी ठेवली आहे. सेल बाहेर काढून वेगळ्या पुडीत बांधले आहेत, नाहीतर वाटेतच उतरतात. पोचलीस की त्या टेकाडावरून फोन कर.

तुझे,
आप्पा