लिव्हर नको बाळा, तू ये

प्रिय ओंकार,

काल फोनवर तू म्हणालास की आमचा ब्लडग्रुप एकच आहे, माझ्या लिव्हरचा भाग बाबांना लावा, आणि मला नीट उत्तर देता आलं नाही कारण बाबा शेजारीच बसलेले. म्हणून हे लिहितेय, सावकाश वाच. तू मनापासून म्हणालास ते मला माहितीय, पण ते करता येणार नाही, आणि का येणार नाही हे तुला कळायलाच हवं, नाहीतर जन्मभर मनात ठेवशील की मी दिलं असतं तर बाबा बरे झाले असते.

पहिलं म्हणजे बाबांना लिव्हरचा कॅन्सर नाहीये. टाचेवरचा जो काळा डाग ऑपरेशन करून काढला ना, तो मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर, त्याच्याच पेशी रक्तातून लिव्हरमध्ये जाऊन वाढल्यात. सगळे नातेवाईक विचारतायत की ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही मग लिव्हरला कसं काय, तर दारूचा, जुन्या काविळीचा कशाचाच संबंध नाही. आपल्या लोकांत हा आजार कमी, आणि झाला तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, जिथे कोणी बघत नाही.

फॉलोअपच्या सोनोग्राफीत लिव्हरवर गाठी दिसल्या, मग पेट स्कॅन झाला, त्यात लिव्हरच्या दोन्ही बाजूंना गाठी आल्या. डोक्याचा एमआरआय केला तो क्लिअर आहे, त्या रिपोर्टची मी देवासमोर बसून वाट बघितली. तू विचारलंस स्कॅनमध्ये दिसलंय तर बायोप्सीत वेळ का घालवताय. अरे, स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे मेलानोमाच असं नसतं, दुसरं काही पण निघू शकतं. सोनोग्राफीत बघत सुईने तुकडा काढला आणि त्यावर स्पेशल टेस्ट केल्या, एस-१००, एचएमबी-४५, सॉक्स-१०, तिन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे मेलानोमाच. मी इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, पण घरच्या माणसाचा रिपोर्ट हातात घेताना हात थरथरतोच. त्याच तुकड्यावर बीरॅफची जीन टेस्ट केली. गोऱ्या लोकांच्या मेलानोमात ती जवळपास निम्म्यांना पॉझिटिव्ह येते आणि मग गोळ्या चालतात, तळपायाच्या मेलानोमात पॉझिटिव्ह येणारे खूप कमी. बाबांची निगेटिव्ह आहे, सी-किट नावाच्या दुसऱ्या जीनची टेस्ट पण निगेटिव्ह. म्हणून गोळ्यांचा रस्ता बंद, राहिली इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावायचं.

आता तुझ्या लिव्हरचं. एकदोनच गाठी असत्या तर कापून काढायचा किंवा रेडिएशनने जाळायचा विचार तरी झाला असता. पण बी सगळ्या रानात पडलंय आणि आपण एकच वाफा बदलायचा म्हटलं तर काय उपयोग, नव्या लिव्हरमध्ये पण तेच उगवणार. आणि दुसऱ्याचं लिव्हर बसवलं की शरीराने ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं चालू ठेवावी लागतात. स्कॉटलंडमधली एक केस २००३ साली छापून आलीय. एका बाईचं मेलानोमाचं ऑपरेशन १९८२ मध्ये झालेलं, १६ वर्षांनी ती दुसऱ्याच कारणाने गेली आणि तिच्या किडन्या दोघांना दिल्या, तर त्या दोघांनाही तिचा मेलानोमा झाला. म्हणजे तिच्या शरीराने इतकी वर्षं त्या पेशी दाबून धरल्या होत्या आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात गेल्यावर त्या उठल्या. बाबांची जी ट्रीटमेंट चालू होणारेय ती बरोब्बर उलटी आहे, त्यांचीच प्रतिकारशक्ती मोकळी सोडायची. दोन्ही एकत्र होऊच शकत नाही रे.

औषधं दोन, इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब, सलाईनमधून. तीन तीन आठवड्यांनी चार वेळा दोन्ही, मग नुसतं निवोलुमॅब. ज्या शोधावरून ही औषधं आली त्याला २०१८ चं नोबेल मिळालंय. पहिलं औषध २०११ मध्ये मान्य झालं, त्याआधी डकार्बाझिनची केमो असायची आणि लिव्हरला गेलेले बहुतेक जण वर्षभर पण काढत नसत. ह्या दोन औषधांचा दहा वर्षांचा रिझल्ट २०२४ मध्ये आला, १०० पैकी ४३ जण हयात. पण तुला अर्धं सांगून मी खोटा धीर देणार नाही, त्या ट्रायलमध्ये तळपायाचा मेलानोमावाले फार थोडे होते, त्यांना ही औषधं कमी लागू पडतात, आणि लिव्हरला गेलेलं असलं की अजून अवघड, शिवाय बाबांच्या रक्तातलं एलडीएच पण वाढलेलं आहे, ते वाढलेलं असणं ह्या आजारात चांगलं लक्षण नाही. आशा आहे, पण ४३ हा आकडा बाबांचा समजू नकोस.

त्रास पण कमी नाही, दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना गंभीर त्रास होतो. मोकळी सोडलेली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर, थायरॉइडवर, लिव्हरवर पण उलटते. म्हणून प्रत्येक डोसआधी एसजीओटी, एसजीपीटी ह्या लिव्हरच्या रक्ततपासण्या बघायच्या. ते वाढलं तर आजार वाढला की औषधाने लिव्हर सुजलं हे डॉक्टर ठरवणार, औषधाने असेल तर स्टिरॉइड देतात आणि बऱ्याचदा उतरतं. जुलाब लागले तर घरगुती उपाय नाही, लगेच फोन. आणि तुझ्या मावशीला तू समजाव, ती गुळवेलीचा काढा पाठवतेय. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटची माहिती छापलीय. तिची माया कळते मला, पण बाबांच्या लिव्हरवर आत्ता एक थेंब पण जास्तीचा नको. मी सांगितलं तर तिला वाईट वाटेल, तुझं ती ऐकते.

तुला द्यायचंच आहे ना, मग सुट्टी दे. पहिला डोस गुरुवारी आहे, बुधवारी रात्रीपर्यंत पोच. इन्शुरन्सचे कागद मला कळत नाहीयेत, खर्च लाखांत आहे, कंपन्यांच्या पेशंट मदत योजना असतात त्याचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीने भरायचा, ते तू हातात घे. आणि बाबांसमोर लिव्हर द्यायचा विषय परत काढू नकोस, काल फोन ठेवल्यावर ते रात्रभर जागे होते, सारखं म्हणत होते पोराला कापायचं नाही. ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे की तसं काही होणार नाहीये.

येताना जुनी पेट स्कॅनची सीडी तुझ्याकडे राहिलीय ती आण, तुलनेला लागणारेय.

तुझी,
आई