ताकद दिलीत, आता वस्तादही द्या

मा. ना. श्री. प्रताप सरनाईक,
परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या शोरूममधून विकली गेलेली पहिली टेस्ला, म्हणजे इलेक्ट्रिक मोटार, आपण घेतलीत. त्या दिवशी तो फोटो आमच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत होता. लेथवरच्या पोराने मला विचारले, "मालक, ही किती पळती वो?" मी म्हटले, ताशी शंभरचा वेग गाठायला सहा सेकंदांच्या आसपास. तो जरा थांबला आणि म्हणाला, "आन् चालवायला लायसन कुठलं लागतंय?"

मी सांगितले, "तुझ्या खिशात आहे तेच."

त्याच्या खिशात हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे. त्याच परवान्यावर तो आमचा छोटा हत्ती चालवतो. ७,५०० किलोपर्यंतची वाहने कायद्याने त्याच वर्गात येतात. जुनी मारुती ८०० त्यात आणि ५१० अश्वशक्तीची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार एमजी सायबरस्टरही त्यातच. ही सायबरस्टर ३.२ सेकंदांत शंभरला पोचते, असा कंपनीचा दावा आहे. पोराने सहज विचारलेला हा प्रश्न मला दोन वर्षे छळणाऱ्या प्रश्नाशी अगदी जुळला, म्हणून हे पत्र.

मी गाडीवेडा माणूस. कोल्हापूरला त्याचे कौतुक सांगायला नको. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक चौकात आली की देवाच्या पालखीइतक्याच भक्तीने तिच्याकडे बघणारे हे गाव आहे. माझ्याकडे २००२ सालची फियाट पॅलिओ १.६ आहे, सेकंडहँड घेतलेली. तिला कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही, पण आमच्या पिढीला परवडणारी स्पोर्ट्स कार तीच होती. शेजारच्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबर बॉडीची खरीखुरी स्पोर्ट्स कार तयार होत होती. ती एकदा पणजीच्या रस्त्यावर पाहिली तेव्हा मी बस सोडून तिच्यामागे चालत गेलो होतो. आणि गेली दोन वर्षे माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडीही आहे. रोजचे जाणे-येणे तिच्यावरच होते. ती मला मनापासून आवडते. पेट्रोलवाल्यांनी इलेक्ट्रिकला आणि इलेक्ट्रिकवाल्यांनी पेट्रोलला नावे ठेवायची, या भांडणात मला रस नाही.

पण दोन्ही गाड्या रोज हातात असल्यामुळे एक फरक मला कळतो, आणि तो आपल्या खात्यापर्यंत पोचावा असे वाटते.

पॅलिओ वेगाची आधी वर्दी देते. पन्हाळ्याच्या चढाला तिसरा गिअर टाकला, पाय दाबला, की आधी आवाज चढतो, मग स्टिअरिंग थरथरते, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेपाच हजारांकडे जातो आणि मग कुठे गाडी जोरात सुटते. शंभर गाठायला तिला साधारण अकरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात माणसाला चारदा विचार बदलता येतो. आमचे शिक्षण असेच पायरीपायरीने झाले. आधी लुना, मग ८००, मग पाचदहा वर्षांनी थोडी ताकदीची गाडी. खिशाला जेवढे परवडे, तेवढीच ताकद हाताला मिळे, आणि तोवर हात तयार झालेला असे.

इलेक्ट्रिक मोटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, पहिल्या फेऱ्यापासूनच हजर असतो. गिअर नाही, आवाज नाही, थरथर नाही. महिंद्राची बीई ६ घ्या, आपल्या चाकणला तयार होते. पाच माणसे बसतात, डिकीत बायकोची बॅग आणि आंब्याची पेटी मावते. मोठ्या बॅटरीची बीई ६ कंपनीच्या आकड्याप्रमाणे ६.७ सेकंदांत शंभरला पोचते. ऐंशीच्या दशकातल्या फेरारी ३०८ ला साधारण तेवढाच वेळ लागे. फेरारी घेणारा माणूस आपण काय घेतो आहोत हे जाणून घेत असे. आज शाळेत पोरे सोडायला घेतलेल्या गाडीत तेवढी ताकद असते, आणि ती घेणाऱ्याला कुणी त्याबद्दल चकार शब्द सांगत नाही. शिवाय नुसत्या बॅटरीचेच वजन चारशे किलोंच्या पुढे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. वजनाची भर त्यावर वेगळी.

गळीत हंगामात सांगली रस्त्याने रात्री एकदा जाऊन बघा. मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारातून एकदम पुढे येते. आवाज न करणाऱ्या, पाय ठेवताच उसळणाऱ्या गाडीत त्या ट्रॉलीपर्यंतचे अंतर किती लवकर संपते, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळले. तेव्हापासून रात्री मी गाडी इको मोडवरच, म्हणजे तिचा जोर आवरून, ठेवतो.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. आंबोलीला मुक्काम होता. हॉटेलवाल्याने चांगुलपणाने रात्रभर गाडी चार्जिंगला लावू दिली. सकाळी शंभर टक्के. सावंतवाडीकडे घाट उतरायला लागलो, पहिल्या वळणाआधी सवयीने पाय उचलला, आणि गाडी मंदावलीच नाही. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलट जनित्रासारखी चालते, वीज बॅटरीत परत जाते आणि त्याच ओढीने गाडी हळू होते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर ती वीज जाणार कुठे? मग ती ओढच मिळत नाही. पडद्यावर बारीक अक्षरात तशी सूचना होती. धुक्यात, ओल्या रस्त्यावर, वळण समोर असताना पडदा कोण वाचतो? ब्रेक होते, गाडी थांबली, काही झाले नाही. बायको मात्र सावंतवाडीपर्यंत एक शब्द बोलली नाही. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचे, एवढी एकच गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. गगनबावडा, आंबा, फोंडा, आंबोली! आमच्या जिल्ह्यातून कोकणात उतरायचे म्हणजे घाट चुकत नाहीच.

आता जड मनाने लिहितो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, गाडीच्या धडकेत गेले. राज्यभर 'पोर्श, पोर्श' एवढेच ऐकू आले. ती टायकन होती, म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिक. तिची कायमची नोंदणी झालेली नव्हती, आणि त्यासाठी भरायचे शुल्क होते १,७५८ रुपये. इलेक्ट्रिक म्हणून कर माफ, त्यामुळे एवढेच. त्या प्रकरणातले बाकी सगळे न्यायालय बघेल. मला छळतो तो हा आकडा. एवढी ताकद रस्त्यावर आणताना सरकारने गाडीच्या मालकाशी बोलण्यासारखे फक्त १,७५८ रुपयांचे काम ठेवले होते.

मार्च २०२५ मध्ये ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला आणि नंतर मागे घेतला गेला. मागे घेतला ते चांगलेच केले. पण त्या चर्चेतही गाडीची किंमत मोजली गेली, ताकद नाही. युरोपात मोटारसायकलचा परवाना ताकदीप्रमाणे टप्प्याटप्प्याने मिळतो, आधी ११ किलोवॅटपर्यंत, मग ३५, मग मोकळा. इटलीत नव्या चालकाला सुरुवातीची काही वर्षे ठरावीक ताकदीपुढची मोटार चालवता येत नाही, आणि तिथे वजनाच्या प्रमाणात ताकद मोजतात. परवान्याचे वर्ग बदलणे दिल्लीच्या हातात आहे, हे मला कळते. पण कराची सूट आपल्या हातात आहे.

म्हणून मागणी अशी. ठरावीक ताकदीपुढच्या गाडीला मोटार वाहन करात सूट देताना एक अट घाला, की मालकाने आणि घरात ती चालवणाऱ्या प्रत्येकाने एक दिवसाचे प्रशिक्षण घेतलेले असावे. ओल्या रस्त्यावर पूर्ण जोराने ब्रेक दाबून बघणे, चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा लागल्यावर पॅडल पायाखाली कसे थडथडते ते अनुभवणे, वळणात वजन कुठे सरकते ते कळणे, भरलेल्या बॅटरीने उतार उतरणे. एवढे एका दिवसात होते. पेट्रोलच्या ताकदवान गाडीला सूट नसते, तिच्यासाठी नोंदणीच्या वेळी हेच करावे. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू आहेत, हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रमही त्यात आहे. त्याला हा एक दिवस जोडायचा.

सुरुवात कोल्हापुरातून करा. मोहिते रेसिंगचा ट्रॅक इथे आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत, आणि इथलाच एक मुलगा पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावला. शिकवू शकतील असे हातही या गावात आहेत. शिवाय ताकदीला वस्ताद लागतो, ही गोष्ट इथे कुणाला पटवून द्यावी लागत नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधले. तिथे उतरणाऱ्या पैलवानाच्या मागे तालमीतली वर्षे असतात. अंगात बळ आहे म्हणून काल आलेल्या पोराला कुणी थेट मैदानात सोडत नाही.

टोलबद्दल लिहायचे मनात होते. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू इलेक्ट्रिक मोटारींना मोकळे झाले, आणि कोल्हापूर-पुणे रस्त्यावर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर आहेतच. पण टोल म्हटले की कोल्हापूरकर तासभर थांबत नाही. तो विषय पुन्हा कधीतरी.

आपण जुलैत इकडे यावे, ही विनंती. पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या बेतात असते, ट्रॅक दिवसभर ओला असतो. माझी इलेक्ट्रिक आणि पॅलिओ दोन्ही तिथे आणतो. आधी पॅलिओत बसा, मग इलेक्ट्रिकमध्ये, आणि दोन्हींत ऐंशीच्या वेगाला स्वतः ब्रेक दाबून बघा. लेथवरचा तो पोरगाही येणार आहे. त्याला मी सांगून ठेवले आहे, पहिला नंबर त्याचा.

आपला,
एक गाडीवेडा
उद्यमनगर, कोल्हापूर